शुल्क शून्य असूनही व्यापार का घटतो? ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी

आपला प्रश्न असा आहे: ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतरही दोघांमधील मालावर आयातशुल्क शून्यच आहे, महासाथीचा काळ वगळला तर ब्रिटनचे उत्पादन थोडेफार वाढतेच आहे, मग ‘ब्रेक्झिटमुळे नुकसान झाले’ हे विधान कशाच्या आधारावर केले जाते? आणि कोल्हापूरजवळच्या आपल्या कास्टिंगच्या (धातूच्या ओतीव भागांच्या) कारखान्याचा एक खरेदीदार इंग्लंडमध्ये असल्याने या घडामोडींचा आपल्याशी काही संबंध पोचतो का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, म्हणून मी ते एकत्रच देतो. माझे काम सीमाशुल्क आणि निर्यातीच्या कागदपत्रांचे आहे. आधी न्हावा शेवा बंदरात आणि नंतर इंग्लंडमध्ये मी भारतीय निर्यातदार आणि त्यांचे ब्रिटिश खरेदीदार यांच्यासाठी हे काम करत आलो आहे. त्यामुळे मी या विषयाकडे मालाच्या एकेका खेपेच्या बाजूने पाहतो.

आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे व्यापारगटाचा मुख्य लाभ शुल्कमाफी हा असतो. साध्या मुक्त व्यापार कराराबाबत ते बऱ्याच अंशी खरे आहे. युरोपीय संघ मात्र त्याहून बराच खोल होता. एक म्हणजे तो सीमाशुल्क संघ होता, म्हणजे बाहेरून आलेल्या मालावर कोणत्याही एका बंदरात एकदा शुल्क भरले की तो माल सर्व सदस्य देशांत मोकळेपणाने फिरू शकत असे. दुसरे म्हणजे १९९३ पासून ती एकल बाजारपेठ होती, म्हणजे उत्पादनाचे दर्जानियम, अन्नसुरक्षेचे नियम, व्यावसायिक परवाने आणि माणसांची ये-जा हे सगळे समान चौकटीत होते. १९७३ मध्ये आत आलेल्या ब्रिटनने २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, ३१ जानेवारी २०२० ला तो औपचारिकरीत्या बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळही, म्हणजे जुनेच नियम चालू ठेवलेला मधला काळ, संपला. १ जानेवारी २०२१ पासून जो व्यापार व सहकार्य करार लागू झाला त्याने शुल्क शून्यावर ठेवले, पण सीमाशुल्क संघ आणि एकल बाजारपेठ या दोन्ही गोष्टी ब्रिटनच्या हातून गेल्या. खरे आर्थिक परिणाम या दोन गोष्टी जाण्याने झालेले आहेत.

पुढे जाण्याआधी एक मर्यादा स्पष्ट करतो. कोणताही देश कोणताही गट सोडो, परिणाम सारखेच होतील असे म्हणता येत नाही. ग्रीनलंडने १९८२ मध्ये सार्वमत घेऊन १९८५ मध्ये युरोपीय समुदाय, म्हणजे संघाचे तेव्हाचे रूप, सोडला. पण तिथली लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, निर्यात जवळजवळ सगळी मासळीची, आणि मासेमारीच्या हक्कांच्या बदल्यात त्या मासळीला युरोपात शुल्कमुक्त प्रवेश मिळाला. चिलीने १९७६ मध्ये अँडियन गट सोडला तो आपली आयातशुल्के गटाला मान्य होती त्याहून खूप खाली आणण्यासाठी, म्हणजे तो देश अधिक खुल्या व्यापाराकडे निघाला होता. माली, बुर्किना फासो आणि नायजर हे देश २९ जानेवारी २०२५ रोजी इकोवास या पश्चिम आफ्रिकी गटातून बाहेर पडले, पण सीएफए फ्रँक वापरणाऱ्या देशांच्या आर्थिक संघात ते कायम राहिले, त्यामुळे त्यांचे बरेचसे धागे तुटले नाहीत. गट किती खोल होता, देशाचा किती व्यापार त्या गटाशी होता, शेजारी किती जवळ आहेत आणि बाहेर पडताना हातात कोणता करार आहे, यांवर सगळे अवलंबून असते. ब्रिटनच्या बाबतीत पहिली तिन्ही उत्तरे नुकसानीच्या बाजूची होती: गट जगातला सर्वांत खोल, निर्यातीचा चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा तिकडे जाणारा, आणि इंग्लंडचे डोव्हर ते फ्रान्सचे कॅले हे अंतर ट्रकला बोटीने जेमतेम दीड तासाचे.

आता शुल्क शून्य असताना खर्च कुठून येतो ते पाहू. मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे पटकन समजेल: भरायच्या जकातीइतकाच तिथे थांबण्याचा, कागद दाखवण्याचा आणि एखादा कागद कमी पडल्यास अडकण्याचा खर्च असे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि ते नाके उठले. ब्रिटनने नेमके उलट केले. जिथे जवळपास तीन दशके नाका नव्हता तिथे तो उभा केला आणि जकातीचा दर तेवढा शून्य ठेवला.

इंग्लंडमधून जर्मनीला एक पॅलेट माल पाठवायचा तर २०२० पर्यंत इनव्हॉइस आणि वाहतुकीची पावती पुरत असे. आता निर्यातीचे घोषणापत्र लागते, समोरच्या देशात आयातीचे घोषणापत्र लागते, मालाचा शुल्कवर्ग (शुल्क ठरवण्यासाठी मालाला दिलेला सांकेतिक क्रमांक) अचूक लिहावा लागतो, शून्य दर हवा असल्यास मालाच्या उत्पत्तीचे विधान द्यावे लागते आणि ते खरे असल्याचा पुरावा जपून ठेवावा लागतो. लाकडी पॅलेटवर उष्णतेची प्रक्रिया झाल्याचा शिक्का लागतो. आपल्याकडच्या निर्यातदारांना हा शिक्का नवीन नाही, पण ब्रिटन आणि युरोप यांच्यात तो २०२१ पूर्वी लागतच नव्हता. मांस, दूध, अंडी किंवा मासळी असेल तर अधिकृत पशुवैद्यकाच्या किंवा तपासणी अधिकाऱ्याच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. काही मालाला तर दारच बंद झाले: ब्रिटनमधील बियाण्याचे बटाटे आणि विशिष्ट दर्जाच्या पाण्यातून काढलेले जिवंत शिंपले युरोपात पाठवता येईनासे झाले. केवळ घोषणापत्रांचा ब्रिटिश व्यवसायांवरील भार वर्षाला सुमारे साडेसात अब्ज पौंड असेल, असा अंदाज तिथल्या महसूल खात्याने आधीच मांडला होता.

या खर्चाचा एक गुणधर्म मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो लक्षात आला की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. शुल्क हे मालाच्या किमतीच्या प्रमाणात असते, पण कागदपत्रांचा खर्च खेपेमागे असतो. दहा लाख पौंडांच्या खेपेला जितके कागद, जवळजवळ तितकेच पाचशे पौंडांच्या खेपेला. मोठी मोटार कंपनी स्वतंत्र विभाग नेमते, संगणक प्रणाली बसवते आणि तो खर्च हजारो खेपांवर वाटला जातो. महिन्याला दोन पार्सले बेल्जियमला पाठवणाऱ्या चीज बनवणाऱ्या कुटुंबाला ते शक्य नसते. शिवाय छोट्या व्यापाऱ्यांचा माल एकाच ट्रकमध्ये एकत्र भरून जातो, आणि त्यांतील एकाचा कागद चुकला तरी सगळा ट्रक अडतो. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला अनेक वाहतूकदारांनी असा एकत्र माल घेणेच थांबवले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, या करारामुळे २०२२ मध्ये ब्रिटनची एकूण वस्तुनिर्यात सुमारे २७ अब्ज पौंडांनी, म्हणजे ६.४ टक्क्यांनी कमी झाली आणि सुमारे १६,४०० कंपन्यांनी युरोपला निर्यात करणेच सोडून दिले. त्याच अभ्यासात मोठ्या कंपन्यांच्या निर्यातीत मात्र लक्षणीय घट दिसली नाही. माझ्या कामातही हेच चित्र आहे: ज्यांचे नाव वर्तमानपत्रात येते त्या कंपन्या टिकल्या, आणि ज्यांचे नाव कुठेही येत नाही त्या मुकाट्याने थांबल्या.

नुकसान सहज दिसत नाही याचे कारण इथेच आहे. बंद पडलेला कारखाना दिसतो, पण एखाद्या कारखान्याने युरोपातील तीन ग्राहक सोडून दिले हे दिसत नाही, आणि ज्या नवउद्योजकाने युरोपचा विचारच केला नाही तो तर कोणत्याच नोंदीत येत नाही.

आता उत्पत्तीच्या नियमांकडे येतो, कारण आपला व्यवसाय इथे या विषयाला भिडतो. शून्य शुल्क प्रत्येक मालाला मिळत नाही. ते ‘ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात उत्पन्न झालेल्या’ मालालाच मिळते. बाहेरून आणून केवळ साठवलेला, पुन्हा बांधलेला किंवा लेबल लावलेला माल यात बसत नाही. २०२१ च्या जानेवारीत मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीच्या पर्सी पिग या गोळ्यांचे उदाहरण गाजले: जर्मनीत बनून इंग्लंडच्या गोदामात आलेल्या या गोळ्या जशाच्या तशा आयर्लंडला पाठवताना त्यांवर शुल्क लागण्याची वेळ आली. माल युरोपचाच, ग्राहकही युरोपचाच, पण मधला मुक्काम बाहेरचा. इंग्लंडला सगळ्या युरोपचे गोदाम म्हणून वापरणाऱ्या अनेक भारतीय कापड निर्यातदारांच्या खरेदीदारांनाही हीच अडचण आली. इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदरात एकदा शुल्क भरून उतरवलेला माल पुढे आयर्लंडमधील डब्लिनला पाठवायचा तर पुन्हा युरोपचे शुल्क भरा, अन्यथा सीमाशुल्क गोदामाची वेगळी व्यवस्था करा.

आपल्या कास्टिंगचे गणित थोडे वेगळे आहे. समजा, आपला खरेदीदार आपल्याकडून ६० पौंडांचे कास्टिंग घेतो, त्यावर मशिनिंग करतो, त्यात काही भाग बसवतो आणि तयार वस्तू १०० पौंडांना जर्मनीला विकतो. २०२० पर्यंत कास्टिंग ब्रिटनमध्ये शुल्क भरून आत आले की पुढे काहीच प्रश्न नव्हता. आताच्या करारात बऱ्याच यंत्रभागांसाठी अट अशी आहे की, बाहेरच्या देशांतून आलेल्या घटकांचे मूल्य निम्म्याहून जास्त नसावे किंवा प्रक्रियेनंतर मालाचा शुल्कवर्ग बदललेला असावा; कोणत्या वस्तूला यांपैकी काय लागू हे त्या-त्या वर्गावर ठरते. आपल्या उदाहरणात बाहेरचा वाटा ६० टक्के झाला, म्हणून वर्ग बदलल्याचा आधार नसेल तर जर्मनीत युरोपचे नेहमीचे शुल्क लागेल. तेच कास्टिंग त्याने चेक प्रजासत्ताकातून घेतले तर करारानुसार ते ‘आपलेच’ धरले जाते आणि शुल्क शून्य राहते. म्हणजे माल पुढे युरोपला विकणाऱ्या ब्रिटिश कारखानदाराला भारताऐवजी युरोपातून कच्चे भाग घेण्याचे एक नवे कारण मिळाले आहे, आणि त्यात आपल्या दर्जाचा किंवा किमतीचा काहीही दोष नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीबाबत हाच नियम इतका अडचणीचा ठरत होता की, त्याची कडक अट २०२४ ऐवजी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरसारख्या कंपन्यांच्या दृष्टीने तो निर्णय महत्त्वाचा होता.

नाशिकच्या द्राक्षांमध्येही हा बदल जवळून दिसतो. रॉटरडॅमला उतरलेल्या कंटेनरमधील काही पेट्या इंग्लंडमध्ये भाव चांगला दिसल्यास ट्रकने तिकडे वळवणे पूर्वी सोपे होते, कारण मध्ये सीमा नव्हती. आता ती स्वतंत्र आयात ठरते. कीडनाशकांच्या अंशाच्या मर्यादाही ग्रेट ब्रिटन स्वतःच ठरवतो, आणि त्या युरोपच्या मर्यादांपासून हळूहळू वेगळ्या होऊ शकतात. त्यामुळे माल कोणत्या बाजारात जाणार हे बागेतून काढणीच्या आधीच पक्के करणे शहाणपणाचे झाले आहे. दोन बाजारांपैकी ऐनवेळी निवड करण्याची जी मोकळीक होती, तिचीही एक किंमत होती, आणि ती आता संपली.

सेवाक्षेत्र, चलन आणि मनुष्यबळ यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथले चित्र एकसारखे नाही. वित्तीय संस्थांचा लंडनमधून सगळ्या युरोपला सेवा देण्याचा आपोआप मिळणारा हक्क गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये समभागांच्या उलाढालीत ॲमस्टरडॅमने लंडनला मागे टाकले. तरीही सल्ला, लेखा, कायदा, संगणक यांसारख्या सेवांची ब्रिटनची एकूण निर्यात चांगली वाढली आहे, आणि हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पौंड सार्वमताच्या दुसऱ्या दिवशी डॉलरच्या तुलनेत आठ टक्क्यांहून अधिक घसरला. स्वस्त पौंडाने निर्यात उसळेल अशी अपेक्षा होती, पण आजच्या कारखान्यात कच्चा मालही बाहेरून येतो, त्यामुळे तो महागला आणि बराचसा फायदा तिथेच जिरला. आयात वस्तूंची महागाई मात्र घरोघरी पोचली. मनुष्यबळाच्या बाबतीत युरोपातून मुक्त प्रवेश संपला, २०२१ मध्ये ट्रकचालकांची तीव्र टंचाई जाणवली, पण एकूण स्थलांतर घटण्याऐवजी पुढची काही वर्षे खूप वाढले आणि त्यात भारतीयांचा वाटा मोठा होता. आमच्या मराठी मंडळींपैकी गेल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये आलेले अनेक जण याच नव्या व्हिसाव्यवस्थेतून आले आहेत.

मग एकूण नुकसान किती? इथे आपल्या प्रश्नातील ‘उत्पादन तर वाढतेच आहे’ या भागाचे उत्तर द्यावे लागते. तुलना कालच्या ब्रिटनशी करून भागत नाही. ती संघात राहिलेल्या, म्हणजे प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या ब्रिटनशी करावी लागते. तिथल्या सरकारसाठी स्वतंत्रपणे अंदाज करणारी ओबीआर ही संस्था असे धरते की, संघात राहिल्यास जी दीर्घकालीन उत्पादकता असती तिच्यापेक्षा ती सुमारे ४ टक्क्यांनी कमी असेल आणि आयात-निर्यातीचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहील. हे नुकसान एका वर्षात होत नाही. ते पंधरा-एक वर्षांत मुरत जाते, म्हणून कोणत्याही एका वर्षीच्या आकड्यात दिसत नाही. दुसरीकडे, बाहेर पडण्याचा कौल मिळताच मंदी येईल, असे सार्वमतापूर्वी ब्रिटिश अर्थखात्याने म्हटले होते आणि तसे घडले नाही. अर्थतज्ज्ञांवर अविश्वास निर्माण झाला तो प्रामुख्याने या एका भाकितामुळे, आणि तो अविश्वास समजण्यासारखा आहे. पण वेळेचा अंदाज चुकला म्हणून दिशेचाही चुकला असे ठरत नाही. सार्वमतानंतर उद्योगांची गुंतवणूक कित्येक वर्षे जवळपास एकाच पातळीवर राहिली, कारण नियम काय असतील हे ठाऊक नसताना कोणी नवी यंत्रे घेत नाही, आणि हा परिणाम करार होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. महासाथ आणि २०२२ ची ऊर्जादरवाढ मध्ये आल्याने नेमका आकडा वेगळा काढणे अवघड आहे. तो ४ आहे की त्याहून कमी-जास्त, यावर मतभेद राहतील. नुकसान झालेच नाही, असे मानणारे गंभीर अभ्यासक मात्र फार थोडे आहेत.

लाभांची बाजूही मोजली पाहिजे. स्वतंत्र व्यापारधोरणामुळे ब्रिटन भारताशी स्वतःचा करार करू शकला, तो २४ जुलै २०२५ रोजी झाला. भारताच्या ९९ टक्के शुल्कवर्गांतील मालाला तिथे शून्य दर आणि स्कॉच व्हिस्कीवरील आपले १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर, अशी त्याची रचना आहे. २०२५ मध्येच अमेरिकेने ब्रिटनच्या मालावर १० टक्के आणि युरोपच्या मालावर १५ टक्के शुल्क ठरवले, हाही त्या वेळी बाहेर असण्याचा एक प्रत्यक्ष फायदा ठरला. परंतु भारताबरोबरच्या कराराने ब्रिटनच्या उत्पादनात दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल असे तिथले सरकारच सांगते, आणि ही भर उत्पादनाच्या सुमारे ०.१ टक्का आहे. दूरच्या देशाशी केलेला करार जवळच्या बाजारपेठेची भरपाई करू शकत नाही, याचे इतके स्पष्ट गणित क्वचितच पाहायला मिळते. बहुधा म्हणूनच मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी अन्न व वनस्पती तपासणीचे नियम पुन्हा जुळवण्याच्या दिशेने वाटाघाटी करण्याचे ठरवले. दर्जाच्या शिक्क्याबाबतही असेच झाले: युरोपच्या सीई चिन्हाऐवजी स्वतःचे यूकेसीए चिन्ह सक्तीचे करण्याची मुदत वारंवार लांबवून अखेर २०२३ मध्ये बहुतेक वस्तूंसाठी सीई चिन्ह अनिश्चित काळापर्यंत मान्य करण्यात आले. वेगळे होण्याचा हक्क मिळाला, पण तो वापरण्याचा खर्च स्वतःच्याच उद्योगांना परवडणारा नव्हता.

आता आपण काय करावे. आपल्या इंग्लंडमधील खरेदीदाराला एवढे विचारा की, आपल्या कास्टिंगपासून बनलेली वस्तू शेवटी कुठे विकली जाते. ती ब्रिटनमध्येच राहत असेल तर भारत-ब्रिटन कराराच्या वेळापत्रकात आपला शुल्कवर्ग शोधा आणि उत्पत्तीचे पुरावे, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या आणि भंगाराच्या खरेदीची बिले व उत्पादनाच्या नोंदी, आतापासून नीट लावून ठेवा. ती वस्तू युरोपात जात असेल तर बाहेरच्या घटकांचे प्रमाण निम्म्याच्या किती जवळ आहे ते त्याच्याबरोबर बसून काढा. प्रमाण सीमारेषेवर असेल तर मशिनिंगचा काही भाग कोल्हापुरात वाढवणे आपल्याला फायद्याचे वाटले, तरी त्यामुळे बाहेरचा वाटा आणखी वाढेल आणि खरेदीदाराची शून्य दराची पात्रता जाऊ शकते, हे ध्यानात असू द्या. अशा वेळी युरोपला जाणारा हिस्सा थेट हॅम्बुर्ग किंवा अँटवर्पला पाठवता येईल का, तिथे भारतीय मालावर आज कोणता दर लागतो, आणि त्या बाजूला आयातदार म्हणून कोण उभा राहील, या तीन गोष्टी तपासा. शुल्कवर्गाचे आठ अंक आणि खरेदीदाराच्या विक्रीचे ढोबळ प्रमाण कळवलेत तर उत्पत्तीचा नेमका नियम कोणता लागतो ते मी पाहून सांगू शकेन.